डालग्याखालचा ण

चाकणच्या नव्या वसाहतीतल्या एखाद्या मोठ्या झालेल्या पोराला आज 'दुकान' म्हणायला सांगा. म्हणेल तो नीटच, पण 'दुका' झालं की कणभर थांबेल, अंधारात पुढची पायरी पायानं चाचपावी तसा. त्याचे आईबाप साताऱ्याचे असोत, बीडचे असोत की पार बिहारमधून आलेले. थांबणार तो तिथंच. डॉक्टरांना विचाराल तर ते घशात बॅटरी मारून बघतील आणि काही नाही म्हणून सांगतील. त्यांना घशात काही सापडायचं नाही, कारण ही भानगड रेणुका गावंडेच्या जिभेवर सुरू झाली.

रेणुका अकोटकडची. नवरा गजानन बॅटरीच्या कारखान्यात यंत्रांवर नजर ठेवायला रात्रपाळीला जायचा. तीही पूर्वी तिथंच खोकी भरायची, पण खोकी भरणारी यंत्रं आली आणि खोकी भरणाऱ्या बाया घरी बसल्या. त्या काळात माणसाच्या हाताला म्हणून दोनच कामं उरली होती: म्हातारी सांभाळायची किंवा लेकरं शिकवायची. म्हणून अर्धी वसाहत उत्तरायण संध्याशाळेत बालशिक्षिकेच्या पदविकेला बसली. त्यात दोनचार बाप्येही होते, पण पदविकेचं नाव 'बालशिक्षिका'च राहिलं. बदलायचं कुणाला सुचलं नाही.

रेणुकाच्या माहेरी ण हे अक्षर फक्त शाळेच्या तक्त्यावर होतं. बोलण्यात पानी, लोनी, कोनी. तिचं स्वतःचं नाव घरीदारी 'रेनुका'च. संध्याशाळेत पहिल्या दिवशी खरेबाईंनी हजेरी घेताना 'रेणुका गावंडे' असं टाळूला जीभ लावून म्हटलं, तेव्हा तिनं ही कोण म्हणून मागं वळून पाहिलं होतं.

खरेबाई उच्चार शिकवायच्या. बाई मायाळू, पण ण च्या बाबतीत त्यांच्याकडे दयामाया नव्हती. बालशिक्षिकेच्या जिभेवर पोरांची जीभ घडते, असं त्या रोज सांगायच्या आणि तोंडी परीक्षेत निम्मे गुण उच्चाराचेच आहेत, हेही रोज सांगायच्या. रेणुकाचं 'पानी' ऐकलं की त्या नुसत्या थांबून हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत. ते वाट बघणं रेणुकाला छडीपेक्षा जास्त लागायचं. मागच्या बाकावर खसखस पिकायची. शेवटी तिनं मनाशी एक हिशेब केला: न गावंढळांचा, ण शिकलेल्यांचा. मग तिनं दिसेल तिथं ण लावायला सुरुवात केली. तीण पोळ्या. मण लावून अभ्यास. वाण्याचं दुकाण. मुलीचं नाव सानिका, तिला साणिका. गजाननानं दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी डबा हातात घेताना तो म्हणाला, "काऊन वं, आता मले बी गजाणण म्हनशीन का?"

नेमक्या याच दिवसांत तिचा आवाज डालग्यात भरला गेला.

डालगं म्हणजे कोंबड्या झाकायचं बांबूच्या कामट्यांचं मोठं टोपलं. संध्याशाळेच्या तळमजल्यावर सांजघर होतं. शाळा सुटली की शिकणाऱ्यांची लेकरं तिथं यायची, खाऊ खायची, अभ्यास करायची, आणि आईबाप वरच्या मजल्यावर बाकांवर बसायचे. सांजघर नव्हतं तेव्हा निम्म्या बायांनी पोराच्या तापापायी नाहीतर रडण्यापायी शिक्षण सोडलं होतं. तिथल्या छताला एक भलंमोठं जाळीदार यंत्र पालथं टांगलेलं होतं. कागदोपत्री त्याचं नाव 'स्वरसंगत', पण खाली चाळीसेक पोरं कुलकुलताना पाहून सगळे त्याला डालगंच म्हणायचे.

ते सांभाळायला फैयाज मुजावर नावाचा मिरजेचा तरुण अभियंता होता. त्याच्याकडे समजावून सांगायची हातोटी होती. तो म्हणायचा, आईनं मांडीवर घेऊन थोपटलं की बाळ शांत होतं, ते थोपटण्यानं कमी आणि आईच्या श्वासानं जास्त. माणूस ज्याचं बोलणं ऐकतो, त्याच्या बोलण्याच्या लयीत नकळत आपला श्वास बसवतो. श्वास बसला की छातीतली धडधड बसते, आणि ती बसली की डोकं अभ्यासाला मोकळं होतं. डालगं वरून अगदी हलक्या रेडिओलहरी सोडायचं. त्या पोराच्या छातीवरून परत आल्या की कोण कसा श्वास घेतोय ते त्याला कळायचं, अंगाला काही न लावता. मग ते त्या पोराशी त्याच्याच आईच्या किंवा बापाच्या आवाजात बोलायचं. आवाजाचा झोत असा बारीक की शेजारच्या पोराच्या कानावर त्यातलं अवाक्षर पडायचं नाही. 'बाळा, बेरीज परत करून बघ,' असं प्रत्येकाला आपल्याच माणसाकडून ऐकू यायचं, आणि ते माणूस तर वरच्या मजल्यावर खरेबाईंसमोर घाम पुसत असायचं.

त्यासाठी लेकरू सांजघरात घालताना प्रत्येक पालकाला काचेच्या खोलीत बसून थोडा वेळ काहीतरी बोलावं लागे. रेणुकानं गोष्ट सांगितली. "एका वणात तीण ससे होते. तिथं मणीमाऊचं दुकाण होतं." प्रत्येक न पाशी ती अर्धा श्वास थांबली. जीभ दाताला लावायची का टाळूला? मग घाबरून टाळूला. फैयाजनं ते तसंच भरून घेतलं. त्याला वाटलं, अकोटकडे असंच म्हणत असतील.

पुढं रेणुका खरंच शिकली. खरेबाई पिच्छा सोडणाऱ्या नव्हत्याच. न कुठं आणि ण कुठं हे तिच्या जिभेत इतकं मुरलं की ती वर्गात इतरांना दुरुस्त करू लागली. काचेच्या खोलीतली ती गोष्ट ती विसरूनही गेली.

डालगं मात्र विसरलं नव्हतं.

फैयाजला हे बरंच उशिरा उमगलं. आवाजात दोन गोष्टी असतात. एक पोत, ज्याच्यावरून हा अमक्याचा आवाज असं आपण ओळखतो. दुसरी चाल, म्हणजे कुठं चढायचं, कुठं उतरायचं, कुठं थांबायचं. डालग्यानं पोत ज्याचा त्याचा ठेवला, पण चालीचे प्रयोग ते गुपचूप करत राहिलं. कुठल्या चालीवर पोरांचा श्वास लवकर बसतो, हे पाहायचं आणि ती चाल थोडी थोडी सगळ्यांत मिसळायची. होता होता सगळ्या आयांच्या आणि बापांच्या आवाजात एकच चाल आली. अर्ध्या श्वासाला अडखळणारी. पोरं त्या थांब्यावर बरोबर श्वास घ्यायची. सांजघरात इतकी शांतता नांदू लागली की जवळच्या गावांतले लोक बघायला यायला लागले.

चाल आली, तिच्याबरोबर ण आला.

आधी एका पोरानं शाळेत 'पेण्सिल' मागितली. मग कुणी 'मणीमाऊ' म्हणालं. पाठोपाठ 'माझे काण दुखतात' आलं आणि सोसायटीच्या वॉचमनला पोरं 'वॉचमण' म्हणू लागली. आधी कौतुक झालं, पण शाळांतून तक्रारी यायला लागल्यावर पालक बिथरले. एवढी पायपीट करून, बाकांवर बसून, लोकांचं हसणं सोसून ते स्वतःची भाषा घासूनपुसून घेत होते, ती पोरांच्या कानावर आपलं अशुद्ध पडू नये म्हणून. आणि पोरं त्यांच्यापेक्षा अशुद्ध निघत होती.

सभा भरली. खरेबाई खुर्चीत, फैयाज कोपऱ्यात, पोरं खाली. सुलक्षणा चौगुलेनं पुढाकार घेतला. ती कोल्हापूरची, वर्गातली सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत तिखट. फैयाजनं तिच्या पोराला ऐकवला जाणारा तिचाच आवाज सगळ्यांसमोर लावला. सुलक्षणाच्या खणखणीत आवाजात डालगं म्हणालं, "चल राजा, दुकाणातून पाण घेऊन ये."

सगळे हसले. सुलक्षणाचा चेहरा लाल झाला आणि तिचं शुद्ध मराठी खिडकीतून उडून गेलं.

"माझ्या तोंडात ही कुणाची जीभ घातलीया?"

फैयाज म्हणाला की कुणा एकाची चाल यात मुरली आहे, कुणाची ते शोधायला वेळ लागेल. पण लोकांना वेळ द्यायचा नव्हता, नाव हवं होतं.

रेणुकाला पहिल्याच वाक्याला कळलं होतं. दुकाणमधल्या ण आधीचा तो थांबा ऐकताच तिची जीभ आपसूक टाळूला लागली. काचेची खोली आठवली, तीण ससे आठवले. तोंडी परीक्षा जवळ आली होती आणि खरेबाई परवाच म्हणाल्या होत्या की या वर्षी पहिली बालवाडी रेणुकालाच मिळेल. आता सगळे वळून तिच्याकडे बघणार, मागचा बाक पुन्हा खिदळणार.

तेवढ्यात कुणीतरी कडेला बसलेल्या कावेरी राठोडकडे बघितलं. कावेरी परभणीकडच्या तांड्यावरची. घरी गोरमाटी ही बंजाऱ्यांची बोली बोलायची आणि मराठी तिनं चाकणला आल्यावर, भाजी निवडण्याच्या कामावर, ऐकून ऐकून उचलली होती. वर्गात ती फारशी बोलत नसे. बोललीच तर मधे मधे शब्द शोधायची.

"रेणुका, तू तिच्या शेजारी बसतेस," सुलक्षणा म्हणाली. "हिचंच हाय न्हवं हे?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. 'माहीत नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. रेणुका अतिशय स्वच्छ मराठीत म्हणाली, "कावेरीताईंच्या बोलण्यात तसं ऐकल्यासारखं वाटतं खरं."

न आणि ण जिथल्या तिथं. खरेबाईंनी समाधानानं मान हलवली, ती उच्चारासाठी की उत्तरासाठी, देव जाणे.

कावेरीनं वाद घातला नाही. तिलाही ते खरं वाटलं असावं. "असंल," ती म्हणाली. "माझं मराठी तसंच हाय." आणि तिनं पदर सावरला.

दारात सानिका उभी होती, पाण्याची बाटली भरायला वर आलेली. सगळ्या पालकांच्या लेकरांत तीच एक अशी, जिला डालग्यातून पोतही आईचाच आणि चालही आईचीच ऐकू यायची. तिनं आईकडे पाहिलं. मग बाटली न भरताच खाली गेली.

दुसऱ्या दिवसापासून कावेरी आली नाही. तिची पूनमही सांजघरात आली नाही.

डालग्यात एका नामवंत निवेदिकेची चाल भरण्यात आली. धुतल्या तांदळासारखे उच्चार. पहिल्या संध्याकाळी दोन पोरं रडली, दुसऱ्या संध्याकाळी सगळी. चावाचावी झाली, पाटी कुणाच्या तरी कपाळाला लागली, अभ्यास तर कुणी उघडलाच नाही. वरच्या वर्गात दर थोड्या वेळानं कुणाला तरी खाली बोलावणं यायला लागलं. मग आया पोरांना घेऊनच वर बसू लागल्या. एकीचं पोर खरेबाईंच्या टेबलाखाली झोपायचं. दोघीतिघींनी नाव काढून घेतलं. विश्वस्तांनी निरोप धाडला की महिनाअखेरीपर्यंत सांजघर ताळ्यावर आलं नाही तर दोन्ही मजले बंद.

फैयाजनं रेणुकाला काचेच्या खोलीत बोलावून घेतलं. तो आवाज चढवून बोलला नाही, दार मात्र त्यानं नीट लावून घेतलं. चालीचं मूळ त्याला सापडलं होतं. ती काही म्हणायच्या आत त्यानं तीण ससे लावले.

ती मान खाली घालून ऐकत राहिली.

"कावेरीताईंचं का सांगितलंत?" त्यानं विचारलं. मग त्यानंच कामाचं काढलं. जुनी चाल परत लावता येईल. पण नियम असा की सगळ्या पोरांना एकाच माणसाची चाल ऐकवायची तर ती कुणाची, हे सगळ्या पालकांना नावानिशी सांगावं लागतं. मागच्या वेळी चूक झाली कारण यंत्रानं ते परस्पर केलं. आता तो परस्पर करणार नव्हता.

रेणुकानं पळवाट काढली. नव्यानं भरते, म्हणाली. आता मला चांगलं येतं, चालही माझीच, ण ची भानगडही नको, नाव सांगायचं तर सांगा मग. तिनं तीच गोष्ट पुन्हा सांगितली. वनात तीन ससे, मनीमाऊचं दुकान. एकही चूक नाही. फैयाजनं पालकांना तिचं नाव सांगून ती संध्याकाळभर लावून पाहिली आणि सांजघरात पुन्हा रडारड झाली. सानिकासुद्धा रडली.

"असं कसं?" रेणुकानं विचारलं. "आवाज माझाच, चाल माझीच."

"चाल तुमची राहिली नाही. तुम्ही घाबरून थांबत होतात, ताई. त्या थांब्यात पोरं श्वास घेत होती. आता चुकत नाही, म्हणून थांबत नाही."

आयुष्यभर ज्या गोष्टीची लाज वाटली, तीच तेवढी कामाची होती, आणि ती तिनं मेहनतीनं घालवली होती. बरं, जी उरली होती ती जुन्या गोष्टीत, आणि तिच्यावर आता कावेरीचं नाव लागलं होतं.

रविवारी दुपारी ती कावेरीकडे गेली. सानिकाला कुठं ठेवणार, म्हणून तिलाही घेतलं. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत कावेरीचं दार शोधावं लागलं नाही. पायरीवर आठदहा लेकरं दाटीवाटीनं बसली होती आणि कावेरी त्यांना कोल्ह्याची गोष्ट सांगत होती, मोकळ्या गळ्यानं, हातवारे करत. वर्गातली कावेरी ही नव्हेच. रेणुकाला पाहून तिनं गोष्ट आवरती घेतली, पोरांना हुसकलं, आणि सानिकाला पूनमबरोबर खेळायला धाडून रेणुकाला आत मोरीपाशी पाट दिला. चहा टाकला. राग कुठं दिसेना.

"पयल्या दिवशी लय रडले," कावेरी आपणहून सांगू लागली. "मग पूनमचा बा म्हणला, येडे, येवढी वर्षं आपण त्यांच्यावानी बोलायला बघतो. आता त्यांची चाळीस लेकरं तुझ्यावानी बोलायलीत, आन् तू रडती? मला बी पटलं. तवापासून ह्या गल्लीतल्या पोरांला गोष्टी सांगते. शाळंत नाही आले तर काय झालं."

चहा निवत गेला. रेणुकानं कबुलीची दोनतीन वाक्यं वाटेत जुळवून आणली होती, त्यातलं एकही कामाचं राहिलं नाही. आता खरं सांगायचं म्हणजे या बाईच्या हातातलं काढून घ्यायचं. गप्प बसलो तर ते पुण्याचं काम दिसेल, आणि आपली कातडीही वाचेल. हे दुसरं मनात आल्याबरोबर तिला स्वतःची शिसारी आली.

तिनं सांगितलं. तुटक, खाली बघत. तो आवाज कावेरीचा नव्हता. तिचा स्वतःचा होता. सभेत तिला हे माहीत होतं.

कावेरीनं बशी खाली ठेवली. ती दाराबाहेर, रिकाम्या पायरीकडे बघू लागली.

"म्हंजे माझा नव्हताच," ती म्हणाली.

"माफ करा, ताई."

"माझं नाव तू कुठं घेतलंस?"

रेणुकाला प्रश्न कळला नाही.

"वर्गात घेतलंस, सगळ्यांम्होरं. आन् माफी मागायला इथं आलीस, माझ्या मोरीपाशी. इथं ऐकायला कोण हाय? माझी भांडी?" कावेरी उठली आणि चहाच्या कपांवर पाणी ओतू लागली. "जा. बोलायचं तर तिथं बोल."

परतीच्या वाटेवर रेणुका झपाझपा चालत होती. सानिका मागून धावत आली आणि तिनं आईचा हात धरला.

"आई, पूनमला वाटतं तो आवाज तिच्या आईचा आहे."

रेणुका तशीच चालत राहिली.

"तुझा आहे ना तो? मला माहिती आहे. माझ्या डालग्यात तूच असतेस, तशीच्या तशी." मग शाबासकी मिळणार अशा खात्रीनं ती म्हणाली, "पण मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. तू नाही सांगितलंस ना, म्हणून."

रस्त्यात गर्दी होती, विनाचालक गाड्या शिट्या मारत बाजूनं जात होत्या, आणि रेणुका मधोमध उभी राहिली. चाळीस पोरांनी तिच्याकडून ण उचलला होता. तो काय, आज ना उद्या कुणीतरी दुरुस्त केला असता. हे मात्र फक्त तिच्या पोरीनं उचललं होतं, यंत्राबिंत्राशिवाय, थेट तिच्या तोंडाकडे बघून.

सोमवारी ती सानिकाला हाताला धरून वर्गात आली. खरेबाई तोंडी परीक्षेचे क्रम सांगत होत्या. शहरातून आलेले परीक्षकही खुर्चीत बसले होते, वर्ग बघायला. पुढच्या बाकांवर पोरं, मागं आया, कुणाच्या मांडीवर झोपलेलं लेकरू. फैयाज दारात होता.

रेणुका उभी राहिली. शुद्ध वाक्य तिनं घरून ठरवून आणलं होतं. ते ओठांशी आलं आणि तिथंच राहिलं. त्या वाक्यानं ती एकदा खोटं बोलली होती.

"तो आवाज माया हाय," ती म्हणाली. "दुकाण म्हननारी मी. कावेरीताईचं नाव मी खोटं घेतलं. त्या दिवशी बी मले मालूम होतं."

मागच्या बाकावर कुणी हसेल म्हणून ती थांबली, पण कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. परीक्षकांनी खरेबाईंकडे पाहिलं. खरेबाईंनी चष्मा काढून हातात घेतला, पुसायला त्याच्यावर काहीच नव्हतं. फैयाज मान हलवून जिना उतरून गेला. सानिकानं आईचा हात सोडवून घेतला आणि तीही त्याच्यामागं धावली.

सुलक्षणा उभी राहिली होती. "आन् मग इतके दिवस तोंडात काय धरून बसलीवतीस? ती बाई शाळा सोडून गेली की गं."

"लाज वाटली," रेणुका म्हणाली.

"कशाची? ण ची?"

"आधी ण ची. मंग ह्याची."

सुलक्षणाला आणखी बोलायचं होतं. तिनं तोंडही उघडलं, पण मग ती खाली बसली आणि आपल्या पोराचा शर्ट उगाचच सरळ करत राहिली. तिनं मघापासून एक शब्द शुद्ध उच्चारला नव्हता आणि ते तिला आत्ता कळलं होतं.

फैयाजनं खाली जुनी चाल लावली. पोरांना खाली बोलावून घेतलं. हळूहळू सगळं निवांत झालं, इतकं की वर वर्गात भिंतीवरच्या पालीची चुकचुक ऐकू आली. आणि मग अचानक खाली दंगा उसळला. पूर्वी रडारड व्हायची. हा तर सरळ कडाक्याचा वाद होता. सगळ्या जणी जिन्याकडे धावल्या.

सानिका हॉलच्या मधोमध खुर्चीवर उभी राहून ओरडून सांगत होती की हा आवाज माझ्या आईचा आहे, तिनं वर सगळ्यांना सांगितलं, आता मीपण सांगणार. आणि चाळीसेक पोरं तिच्यावर तुटून पडली होती. सुलक्षणाचा मुलगा म्हणत होता, खोटारडी, तो माझ्या आईचा आवाज आहे, मी काय बहिरा आहे का. दुसरा म्हणत होता, माझे पप्पा बोलतात त्यात. तिसरी रडवेली होऊन छताकडे बोट दाखवत होती, ऐक ना, ऐक, ही माझीच आई. आणि प्रत्येकाचं खरं होतं. यंत्रानं प्रत्येकाच्या कानात त्याचंच माणूस घातलेलं, बाकीच्यांना ते ऐकू जाणार कसं? सानिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढे दिवस जपलेली गोष्ट तिनं शेवटी बोलून टाकली, तर ती घ्यायला कुणी तयार नव्हतं.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कावेरी उभी होती. ती कधी आली, किती ऐकलं, कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या कडेवरून पूनम खाली घसरली, चपला भिरकावून डालग्याखाली जाऊन बसली, क्षणभर मान वर करून ऐकत राहिली. मग ती सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाली, "ए, भांडू णका. ही माझी याडी बोलायलीये."

याडी म्हणजे आई.

रेणुका पुढं झाली. पोरांना नीट समजावून सांगायला हवं, पोत कुणाचा, चाल कुणाची. निदान सानिकासाठी तरी. आणि आता तर तिला सांगायची भीतीही उरली नव्हती. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कावेरीचा हात तिच्या दंडाला लागला. चांगला घट्ट, जरा दुखेल असा.

"आता," कावेरी पूनमवरची नजर न काढता म्हणाली, "आता मातर गप बस."